चाड्यावरची मूठ

माझी बायको हसली, खोकली, शिंकली, की तिला थोडी लघवी व्हायची. लुगड्यातच. आठ-नऊ वर्षं असं चाललं होतं आणि मला, एका घरात राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला, ते सगळ्यात शेवटी कळलं. हे असं उघडं लिहिलं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. न बोलण्यात आमची लई वर्षं गेली.

ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. सकाळी चहाला हाक मारली तर उठलीच नाही. तिच्या जाण्याचा आणि ह्या आजाराचा काही संबंध नव्हता, ऑपरेशनाचा तर नव्हताच, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्या बाया उगंच घाबरतील. घर मोकळं मोकळं लागतं. जेवताना मी अजून डाव्या अंगाला सरकून बसतो, ती उजवीकडं बसायची म्हणून. पण रडगाणं लिहायला मी बसलो नाही. ऑपरेशननंतर तिनं तीन पेरण्या केल्या, शेवटची वर्षं तिची चांगली गेली, कोरडी गेली. ती कशी मिळाली तेवढं सांगायचंय. मी चौथी शिकलेला माणूस. माझं अक्षर मोठं येतं, वही लवकर भरते, त्यामुळं आडवळणानं जात नाही.

आमचं रान लोहारा तालुक्यात. काळी जमीन, रब्बीची. ज्वारी आणि मधे करडई. आता सगळे ट्रॅक्टरनं पेरतात, मी अजून बैलजोडी ठेवून आहे. तिफणीनं पेरायला दोन माणसं लागतात. गडी बैल हाकतो आणि तिफण दाबून धरतो. बाई मागनं चालते. तिच्या ओटीत बी असतं, आणि तिफणीवर लाकडी वाटीसारखं एक असतं, त्याला चाडं म्हणतात, त्यात ती मुठीनं बी सोडत राहते. चाड्यातनं ते नळ्यांनी तिन्ही फणांखाली जातं. सगळी करामत मुठीत असते. जास्त सुटलं तर पीक दाट होतं, कमी सुटलं तर नांगे पडतात, म्हणजे मधे मधे मोकळी जागा राहते. बैल काही थांबत नाहीत. ढेकळांवरनं त्यांच्या चालीनं दिवसभर चालायचं आणि बोटांतली धार तुटू द्यायची नाही. माझ्या बायकोची मूठ आमच्या शिवारात नावाजलेली होती. शेजारचे लोक तिच्यासाठी आपली पेरणी एक दिवस पुढं ढकलायचे.

आमच्याकडं पाळी आलेल्या बाईनं बियाला शिवायचं नाही. त्या चार दिवसांत चाडं दुसरीच्या हातात जायचं आणि ही लांबून बघत बसायची, चरफडत. तिची पाळी कायमची गेली त्या वर्षी मला म्हणाली होती, "सुटले बगा. आता मरूस्तवर चाडं माजं. कुनाची मिनतवारी नगं."

आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तिनं स्वतःच चाडं सोडलं.

त्याच्या आदल्या साली ज्वारी तुटक उगवली होती. पेरल्यावर आठ दिवस ऊन पडलं, ओल उडाली, नांगे पडले. पण मी काय केलं, बांधावर उभा राहून चार माणसांदेखत तिला बोललो, "हात थरथराय लागला काय गं तुजा?" ती पदर खोचून घरी निघाली. मला वाटलं, विसरली. पुढच्या साली तिफण जुंपली, चाड्याला हळद-कुंकू लावलं, आणि ही आपली मागं सरली.

"म्या न्हाय धरत."

"का? हात मोडला का?"

"सुनंला द्या."

"सुनंला काय येतंय त्यातलं?"

"मग शिकवा."

मला वाटलं, मागच्या बोलण्याचा राग काढतीय. मीही हेकट. मग आमच्या सुनेनं चाडं धरलं. पोरगी गुणाची आहे, पण तिची मूठ म्हणजे पाहुण्याला साखर वाढल्यासारखी, इथं सढळ, तिथं काहीच नाही. दुसऱ्या साली मी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. ती बांधावर उभी राहून बघायची. पदर तोंडाला लावलेला. मला दिसत होतं की तिचा जीव तिफणीत आहे. पण विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आणखी एक-दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या होत्या. ती पाणी कमी प्यायला लागली. लग्नाला गेली तर दाराजवळ बसायची आणि जेवण झालं की लगेच निघायची. तुळजापूरला दर नवरात्रात जाणारी बाई, दोन वर्षं "पाय दुखत्यात" म्हणून घरीच राहिली. आणि सारखी उठून मागं संडासाला जायची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जी घरं मिळाली त्याला मागं संडास आहेत, म्हणून बरं.

मी माझं डोकं चालवलं. सारखी लघवीला जातेय, वाळलीय, गप्प झालीय, म्हणजे साखर. मधुमेह. आमच्या जुन्या माणसांची एक तऱ्हा होती, साखर असलेल्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात म्हणायचे. एक दिवस रानात ती बांधाला बसून उठून गेली, आणि मी जाऊन बघितलं. आता हसायला येतं, पण बघितलं. मुंग्याच मुंग्या! घरी येऊन मी जाहीर केलं, "तुला साखर झालीया. आजपासनं गूळ-साखर बंद."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आसंल."

"रगत तपासून आणू?"

"कशाला? तुमाला कळलंय न्हवं. बास की."

त्या दिवसापासून बाई बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. संक्रांतीला तिळगूळ दुसऱ्याला वाटला, स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. दिवाळीला मी तिच्यापुढनं करंज्यांचं ताट उचललं. रोज सकाळी कारल्याचा रस काढून मी तिच्या हातात द्यायचो आणि पिऊस्तवर समोर उभा राहायचो. तोंड वाकडं करून ती प्यायची. वर्षभर. कधी कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायचो, माझ्यामुळं सापडली हिची साखर. आणि ती मान डोलवायची. खरं सांगायच्या ऐवजी तिनं वर्षभर कारलं पिलं.

उलगडा झाला येळवसीला. पौषाच्या तोंडाशी जी अमावस्या येते तिला आम्ही येळवस म्हणतो. आमच्या भागातला मोठा सण तोच. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, भज्जी, उंडे, धपाटे, खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ती मातीच्या बिंदग्यात न्यायची, थोडी आंबील पिकात शिंपायची आणि आल्या-गेल्याला बोलावून जेवू घालायचं. त्या वर्षी आमचे व्याही-विहीणबाई आले होते. सुनेचे आईबाप. व्याही जरा बोलका माणूस.

मी डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन आंबील शिंपत रानाला फेरी मारली आणि कोपीत पांडवांपुढं वाकलो. नेमकं धोतराचं टोक तुरीच्या खुंटात अडकलेलं. वाकायला गेलो आणि तोंडघशी आडवा झालो, हात पुढं, पाय मागं, घोंगडी डोक्यावरनं देवावर.

व्याही म्हणाले, "पाव्हनं, लई खालनं नमस्कार घातला की ओ! देव बी सरकून बसला!"

मी पडल्या पडल्या म्हणालो, "तुमी का हुबं ऱ्हायलाव? या की शेजारी."

सगळे हसले. माझी बायकोही हसली. दोन वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं, पोट धरून, मोठ्यांदा. मी मान वर करून तिच्याकडं बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. आणि एकाएकी तिचा चेहरा पडला. हसू तोंडावरच थांबलं. ती बसली होती तिथं, बाजूला आंबिलीचं बिंदगं होतं. तिनं हात घातला आणि ते अख्खं बिंदगं स्वतःच्या मांडीवर लवंडलं.

मी बघत होतो म्हणून सांगतो, धक्का लागला नव्हता. तिनं लवंडलं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच आलं की येळवसीची आंबील सांडली, अजून पाहुणे जेवायचेत, आणि मी ओरडलो, "डोळं फुटलं का तुजं! सनाच्या दिवशी!"

ती त्या पांढऱ्या आंबिलीत तशीच बसून राहिली. कमरेपासून खाली ओलीचिंब. कुणी हसेना. सुनेनं तिला उठवलं, तुरीच्या आड नेलं, स्वतःच्या अंगावरची शाल गुंडाळायला दिली. थोड्या वेळानं सून परत आली. व्याही-विहीण कोपीच्या पलीकडं जेवायला बसले होते. सून माझ्याजवळ आली, खाली मान घालून हळू आवाजात म्हणाली,

"मामा, आत्याला बोलू नगा. आंबील मुद्दाम सांडलीया त्यांनी."

"ते म्या बी बगितलं. का पन?"

"आधीच ओलं झालं हुतं. ते दिसू नये म्हून सांडली."

मला काही कळेना. सुनेनं धीर केला. सासऱ्याशी असलं बोलणं सोपं नाही. ती म्हणाली, "आत्याला साखर-बिखर काय न्हाय, मामा. हसलं, खोकलं, वजन उचाललं की थोडी लघवी सुटती. घड्या घेऊन हिंडत्यात त्या. मला दोन महिन्यामागं कळलं, तर आयची शपथ घातली, तुमाला सांगू नगं म्हून."

मी कोपीतच बसून राहिलो. मला पहिलं काय आठवलं असेल? कारल्याचा रस.

पाहुणे गेल्यावर, उन्हं कलताना, मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती पांडवांपुढचं आवरत होती. मी म्हणालो, "कवापासनं?"

"धाकट्याच्या येळपासनं थोडं थोडं. पाळी गेल्यावर लई."

"मग चाडं त्याच्यापाई सोडलंस?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "पाळीतली बाई बियाला शिवत न्हाय. म्या तर रोजचीच ओली. तिफनीमागं ढेकळावरनं पाय आदळला की दर पावलाला सुटायचं. मांडीवरनं खाली. त्याच हातानं बी सोडायची. म्या म्हनलं, पाळीपरास ह्ये वंगाळ. तरी धरलं. आन् त्या साली पीक गेलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी बी तेच म्हनलाव. चार मानसांत."

तिला वाटत होतं, ज्वारी तिच्यामुळं गेली. ते मनात ठेवून ती दोन पेरण्या बांधावर उभी राहिली होती. मी म्हणालो, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"कुनाला दाखवू असलं?"

"बाईमानसाला. डॉक्टरीन बघू."

सोलापूरला एक डॉक्टरीणबाई सुनेच्या माहितीतल्या होत्या. एसटीनं निघालो. नळदुर्गपर्यंत रस्त्यात जिथं जिथं गाडी आदळली तिथं तिथं तिनं खिडकीची दांडी घट्ट धरली. आता मला ते दिसत होतं. इतकी वर्षं शेजारच्याच सीटवर बसत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी साखर तपासली. "साखर अगदी बरोबर आहे मावशी."

"मला म्हाईत हुतं," ही म्हणाली.

"मग मधुमेह कुणी सांगितला?"

हिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी. मुंग्या बगून."

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं विचारून घेतलं आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तवर हसल्या. म्हणाल्या, "काका, बांधाला वारूळ होतं का?" होतं. त्याच बांधाला होतं. मी पंचवीस वर्षं ते वारूळ बघत आलोय.

मग त्यांनी नीट विचारलं. मुलं किती? पाच झाली, तीन जगली. कुठं? घरीच, सुईणीच्या हातावर. बाळंतपणानंतर किती दिवसांनी डोक्यावर घागर घेतली? ती म्हणाली, "बारा दिसानं." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. आत नेऊन तपासलं, लघवीची पिशवी भरलेली असताना खोकायला लावलं. बाहेर येऊन आम्हाला दोघांना बसवून सांगितलं. लघवीच्या पिशवीतून जी नळी येते तिच्या खालचा आधार बाळंतपणानं आणि वजनानं सैल झालाय. खोकलं, हसलं की वरून दाब येतो आणि नळी मिटत नाही.

ते मला लगेच उमजलं. रानात मोटारीचा मऊ पाइप असतो. चिखलात पडलेल्या पाइपावर पाय दिला तर तो चिखलात रुततो, पाणी चालूच राहतं. त्याच्याखाली फरशी ठेवून पाय द्या, पाणी बंद. मी तसं म्हणालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर. फरशी बसवायची आहे. पण आधी चिखल घट्ट होतो का बघू."

म्हणजे आधी व्यायाम. लघवी मधेच रोखून धरताना जे आत आवळतो, ते आवळायचं, धरायचं, सोडायचं. दिवसातनं तीन वेळा, तीन महिने. घरी आल्यावर मला चैन पडेना. भाकरी थापत बसली की मी विचारायचो, "केलास का येवायाम?"

"आताच करतेय की."

"मला तर दिसंना."

"दिसाय पायजेल व्हय तुमाला? मग गावात दवंडी द्या."

आठ दिवसांनी मी परत विचारलं, तेव्हा लाटणं उगारलं. पण साखर सुरू झाली होती. पहिल्या दिवशी गोड चहा पिताना तिनं बशी माझ्यासमोर धरली आणि सावकाश, आवाज करत, संपवली. माझ्या डोळ्यात बघत.

व्यायामानं थोडा गुण आला. शिंक सावरायला लागली. पण घागर उचलली, जोरात खोकली की तसंच. तीन महिन्यांनी परत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं सांगितलं. काही लपवलं नाही. जाळीची बारीक पट्टी असते, बोटभर रुंद, ती नळीच्या खालून झोळीसारखी बसवायची. पोट फाडावं लागत नाही, खालून छोटा छेद आणि जांघेत दोन बारीक. कमरेत सुई देऊन भूल. पट्टी जन्मभर आतच राहते. बहुतेक बायांना गुण येतो, सगळ्यांना येईलच असं नाही. कुणाला नंतर लघवी करायला अडखळतं, कुणाला पट्टी आत टोचते, मग परत बघावं लागतं. पट्टी नको असेल तर स्वतःच्याच अंगातली पट्टी काढून बसवता येते, पण त्यात छेद मोठा.

मी म्हणालो, "इचार करून सांगतो."

ही म्हणाली, "तुमी कशाला इचार करताव? तुमाला बसवायची हाय का?" आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, मला एकच सांगा. पेरनीपतूर चालता यील का? ढेकळावरनं?"

"पेरणी कधी?"

"पाऊस गेल्यावर."

"येईल. पण तोवर वजन उचलायचं नाही. घागर नाही, भारा नाही, काही नाही."

मे महिन्यात ऑपरेशन झालं. तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. एक चहा मागवला तो गार झाला, तेवढ्यात बाहेर आणली. मला वाटलं, विसरून काही राहिलं की काय. लघवीसाठी रबरी नळी घातली होती, ती दुसऱ्या दिवशी काढली, म्हणाले, आता लघवी होऊ द्या. होईना. ती बसून बसून दमली. सारखी होते म्हणून आलो आणि आता होतच नाही! सिस्टरनं समजावलं, सूज आहे, कुणाकुणाला होतं, आणि आणखी एक दिवस नळी ठेवली. तो दिवस मला जड गेला. ती मात्र शांत. म्हणाली, "ईल. सारखी पळत आलीया जन्मभर, तिला बी जरा येळ द्या."

तिसऱ्या दिवशी झाली. नीट, पूर्ण. पिशवीत किती शिल्लक राहिली ते मशीननं बघितलं, तेही ठीक निघालं. मी वॉर्डाच्या दारातनं मोठ्यांदा म्हणालो, "झाली ओ!" दहा खाटांवरच्या बाया आणि त्यांची माणसं वळून बघायला लागली. तिनं पांघरूण तोंडावर ओढलं. मग सिस्टर म्हणाली, "मावशी, आता खोका." ती खोकेना. आठ-नऊ वर्षं जी बाई खोकला गिळत आली, तिला खोकता येईना. सिस्टरनं दोनदा स्वतः खोकून दाखवलं. शेवटी ती खोकली. थांबली. पांघरुणाखाली हात घालून बघितलं. मग परत खोकली, मुद्दाम, जोरात. आणि मग खोकतच राहिली, सिस्टर पुरे म्हणेस्तवर.

घरी आलो आणि घागर माझ्याकडं आली. गावात नळाला पाणी आठवड्यातनं दोनदा येतं, नाहीतर हापशावरनं आणावं लागतं. माझ्या वयाचा माणूस डोक्यावर घागर घेऊन चालला की लोक गप्प बसतील काय?

"काय आबा, म्हातारपनी बायकूनं कामाला लावलं?"

मी थांबून सांगितलं, "तिच्या लघवीच्या वाटंचं आपरेशन झालंय. बाळातपनानं सैल झालं हुतं, पट्टी बसवलीया. पेरनीपतूर वजन बंद. आजून काय इचारायचंय?"

तो माणूस दुसरीकडं बघायला लागला. पण हापशावर बाया होत्या, त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या कानावर आलं आणि तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायचं ताट सरकवायची, तोंड तिसरीकडं. बरोबरच होतं. तिची गोष्ट होती, मी चव्हाट्यावर मांडली.

तिसऱ्या दिवशी शेजारची एक बाई आली. "थोडं विरजन द्या की." आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली. तिलाही विरजणच हवं होतं. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांतलं विरजण एकाएकी संपलं. मी ओसरीवर बसून बघायचो, बाया वाटी घेऊन यायच्या आणि वाटी रिकामीच विसरून जायच्या. एक तर ज्यांच्या घरात गाय नाही, म्हैस नाही, त्यातली. चौथ्या की पाचव्या दिवशी माझी बायको बाहेर आली, माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "अकरा जनी हायत. आपल्या एवड्याशा गावात. मला वाटायचं म्या एकटीच."

"मग बोलशील का आता माज्याशी?"

"बगू."

बोलली.

पाऊस गेला. रान कुळवून तयार झालं. डॉक्टरीणबाईंनी तपासून चालायची मोकळीक दिली होती. मी बैल जुंपले, तिफण रानात आणली, चाड्याला हळद-कुंकू लावलं. बी पिशवीत होतं. मी म्हणालो, "घे ओटीत."

"थांबा," ती म्हणाली. "आधी रिकामी चालवा."

"रिकामी म्हंजी?"

"बी न टाकता. एक तास ह्या बांधापासनं त्या बांधापतूर. म्या मागनं चालते."

तिफणीनं पडणाऱ्या ओळीला आम्ही तास म्हणतो. तसा एकही रिकामा तास मी उभ्या आयुष्यात नेला नव्हता. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बैलांना हाक दिली. ती मागनं निघाली. हात चाड्यावर धरलेला, मूठ मिटलेली, मुठीत काही नाही. ढेकळं मोठी होती. तिचा पाय आदळलेला मला ऐकू येत होता. शेजारच्या रानातला माणूस ओरडला, "आरं, बी घरी इसरलास का रं?"

मी म्हणालो, "तुजं तू बग!"

दुसऱ्या बांधाला पोचलो. ती थांबली. खोकली. मग बांधावर चढली आणि तिथनं खाली उडी मारली. साठीच्या बाईनं. मी "अगं, अगं" म्हणेस्तवर परत चढली, परत मारली. मग काही न बोलता बाभळीच्या आड गेली. मी बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. पट्टी सरकली असेल तर? ओलं निघालं तर ही बाई पुन्हा बियाला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं.

बाभळीच्या आडून आली ती पदर खोचतच. "आना बी," म्हणाली.

मी पिशवी तिच्या ओटीत ओतली. तिनं मूठभर उचललं, चाड्याजवळ नेलं आणि तिथंच थांबली.

"न्हाय उगवलं तर?"

"तर परत पेरू. पाऊस पडला न्हाय तर तू काय करशील? बी तुज्या लुगड्याच्या जिवावर उगवतंय व्हय?"

"मग त्या साली मला कशापाई बोल लावला?"

बैल उभे होते. शेजारचा माणूस अजून आमच्याकडं बघत होता. मी तिफणीचा दांडा धरलेला हात सोडला.

"चुकलो," मी म्हणालो.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं माझ्या तोंडातनं पहिल्यांदाच ऐकला असणार. तिनं मुठीतलं बी तसंच धरून शेजाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मोठ्यांदा म्हना. त्येला बी ऐकू जाऊ द्या, त्यो बी हुता त्या दिवशी बांधावर."

मी शेजाऱ्याकडं तोंड करून ओरडलो, "त्या साली ज्वारी हिच्या हातानं गेली न्हवती रं! म्या चुकलो!"

तो म्हणाला, "आरं, ते आमाला तवाच म्हाईत हुतं!"

तिनं मूठ चाड्यावर आणली. बोटं सैल केली. नळीत दाणे पडल्याचा आवाज आला, बारीक, एकसारखा.

"हाना आता बैल," ती म्हणाली. "आन् पुढं बगा. तास वाकडा नेताल."